संरक्षक पेशी व वासरांचा फुप्फुसदाह : एका मताची तपासणी

मॅनहाइमिया हीमोलिटिका (१९९९ पूर्वीचे नाव पाश्चुरेला हीमोलिटिका) या जीवाणूपासून गुरांना होणाऱ्या फुप्फुसदाहाविषयी एक मत वारंवार मांडले जाते : फुप्फुसाचा नाश जीवाणूपेक्षा शरीराची संरक्षक यंत्रणाच करते. या मतात तथ्य आहे. परंतु ज्या ठामपणाने ते सांगितले जाते, तितका त्यास आधार आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

मताचा प्रमुख आधार म्हणजे स्लोकम आदी संशोधकांचा १९८५ सालचा प्रयोग. वासरांच्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशी अगोदर घटवून नंतर जंतूंचा संसर्ग घडविला असता फुप्फुसाची इजा पुष्कळ कमी झाली. यामागील कार्यकारणभावही आता उलगडला आहे. जीवाणूचे ल्युकोटॉक्सिन हे विष रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या श्वेतपेशींवरील सीडी-१८ या प्रथिनास जखडते. अल्प मात्रेत ते पेशींस चेतविते, अधिक मात्रेत त्या फोडते. उभयपक्षी पेशींतील दाहक द्रव्ये बाहेर पडून वायुकोशांची हानी होते.

तथापि ब्राइडर आदींनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूट्रोफिल-न्यून वासरांच्या फुप्फुसांतही सूज व रक्तस्राव आढळले. जीवाणूचे अंतर्विष रक्तवाहिन्यांच्या अस्तरास थेट इजा करू शकते, हेही ज्ञात आहे. सारांश, न्यूट्रोफिल हे हानीचे एक मोठे साधन होय. एकमेव कारण नव्हे.

लसींचा इतिहास हाच विवेक शिकवितो. मृत जीवाणूंच्या काही जुन्या लसींनी वासरांचे रक्षण होण्याऐवजी पुढील संसर्गात रोग अधिकच तीव्र झाला; उलट ल्युकोटॉक्सिनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे उपकारक ठरली. तेव्हा ‘प्रतिकार’ हा शब्द सरसकट वापरून त्यास तारक वा मारक ठरविणे सारखेच भ्रामक आहे. प्रतिकार कशाविरुद्ध आणि केव्हा, हे सांगितल्याविना विधान अपुरे राहते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. प्रतिपिंडे वाढली एवढ्यावरून लस यशस्वी मानणारा अभ्यासक, आणि दाह दडपला म्हणजे रोग हटला असे समजणारा चिकित्सक, हे दोघेही एकाच अर्धसत्याचे बळी होत. ज्या पेशी फुप्फुस जाळतात, जंतूंचा निःपातही त्यांनाच करावयाचा असतो. दाह आवरताना हे कार्य खुंटणार नाही, अशी योजना हीच या संशोधनाची खरी कसोटी आहे.