मलयाळम आणि स्वाहिली : साम्याचा हिशेब

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी एक लेख लिहिला होता. केरळची मलयाळम आणि पूर्व आफ्रिकेची स्वाहिली या भाषा एकाच प्राचीन कुळातून निघाल्या असाव्यात, असे मी त्यात सुचवले होते. पुरावा म्हणून सव्वाशे शब्दांच्या जोड्या दिल्या होत्या. लेखाचे कौतुक झाले, पत्रे आली. तो लेख चुकीचा होता. कसा चुकीचा होता, हे सांगणे मी वाचकांचे देणे मानतो.

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. भाषा शिकलो त्या जुन्या व्याकरणांच्या आणि कोशांच्या आधाराने. शिक्षक नसलेल्या माणसाला कोश फार भुरळ घालतो. दोन कोश शेजारी उघडून बसले की सारखे शब्द सापडतातच. ते का सापडतात, हे मात्र कोश सांगत नाही.

माझी चूक पहिल्यांदा दाखवली ती आमच्या कॉलनीतल्या एका केरळी बाईंनी. टांझानियात बरीच वर्षे शाळेत शिकवून त्या इकडे आल्या. सगळे त्यांना ‘टीचर’ म्हणतात. माझी यादी वाचून त्या म्हणाल्या, “भाऊ, स्वाहिलीत ‘पाका’ म्हणजे मांजर. आमच्याकडे ‘पका’ म्हणजे वैर. हे का नाही घेतलं यादीत?” मी हसलो, पण तो प्रश्न मनातून जाईना. अर्थ जुळला की मी जोडी वहीत लिहीत होतो आणि जुळला नाही की सोडून देत होतो. फक्त जमेची बाजू लिहिणाऱ्या कारकुनाला आम्ही पतसंस्थेत एक दिवसही ठेवले नसते.

मग मी यादी नव्याने तपासली. पहिला गट निघाला निव्वळ योगायोगाचा. स्वाहिलीत बहुतेक अक्षरे स्वरान्त असतात आणि मलयाळमातही स्वरान्त शब्द पुष्कळ. अशा आखूड शब्दांची कुठे ना कुठे गाठ पडणारच. स्वाहिलीत ‘काता’ म्हणजे कापणे. ते आपल्या ‘काटणे’शी जुळते, इंग्रजी ‘कट’शीही जुळते, पण तो धातू मूळ बांटू आहे आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या त्याच्या भावंडांत सापडतो. मलयाळमात ‘नी’ म्हणजे तू, तर स्वाहिली क्रियापदाला लागणारा ‘नि’ म्हणजे मी. ही जोडी मी ‘सर्वनामांतील साम्य’ म्हणून छापली होती.

दुसरा गट उसनवारीचा. पत्राला मलयाळमात ‘कत्त्’ म्हणतात, दस्तऐवजाला स्वाहिलीत ‘हाती’. दोन्हींच्या मागे अरबी ‘खत्त’ आहे. ‘बाक्कि’ आणि ‘बाकी’, ‘वक्कील’ आणि ‘वकीली’ ही मंडळी मराठीतही नांदतात. स्वाहिलीतले सहा, सात आणि नऊ हे आकडेसुद्धा अरबीतून आले आहेत. त्यावर पोर्तुगिजांची भर पडली. मेजाला मलयाळमात ‘मेश’, स्वाहिलीत ‘मेझा’. द्राक्षाच्या दारूला ‘वीञ्ञ्’ आणि ‘म्विन्यो’. आपण ज्याला पेरू म्हणतो ते फळ दोन्हीकडे ‘पेरा’. एकाच समुद्रावर एकाच वाऱ्याने ये-जा करणाऱ्या गलबतांतून उतरलेले हे शब्द आहेत. ते शेजार सिद्ध करतात. नाते सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो.

तो पुरावा म्हणजे नियमित ध्वनिबदल. मलयाळमात दुधाला ‘पाल्’, वाघाला ‘पुलि’, दाताला ‘पल्लु’ म्हणतात. कन्नडात हेच शब्द ‘हालु’, ‘हुलि’, ‘हल्लु’ होतात. ‘प’च्या जागी ‘ह’ ओळीने येतो, म्हणून त्या बहिणी. स्वाहिलीत माणूस ‘म्तु’, माणसे ‘वातु’. झुलू भाषेत ‘उमुन्तु’ आणि ‘अबन्तु’. याच शब्दावरून विल्हेल्म ब्लेकने त्या कुळाला ‘बांटू’ नाव दिले. त्याचे तुलनात्मक व्याकरण 1862 पासून प्रसिद्ध होऊ लागले. कॉल्डवेलचे द्राविडी व्याकरण 1856 चे. मलयाळम आणि स्वाहिली यांच्यात अशी ओळ एकही लागत नाही. माझ्या सव्वाशे जोड्यांतून मला एक नियमसुद्धा काढता आला नाही.

या मोहात मी एकटाच पडलो असे नाही. फ्रेंच विदुषी लिलियास होमबर्गर यांनी आफ्रिकी भाषांचा संबंध द्राविडी भाषांशी जोडला होता. सेनेगलचे कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांनाही या कल्पनेचे मोठे आकर्षण होते. त्यामागची भावना मला समजते. युरोपला वगळून दोन पारतंत्र्य भोगलेल्या समाजांनी एकमेकांत आप्त शोधावा, यात वावगे काही नाही. पण भावनेचे बळ ध्वनिनियमाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय अशा जुळवाजुळवीत दोन्ही भाषांचे खरे वेगळेपण झाकले जाते, आणि माझ्या लेखाचा मोठा दोष तोच होता.

ते वेगळेपण एका साध्या वाक्यात दिसते. मलयाळमात ‘ञान् वन्नु’, ‘नी वन्नु’, ‘अवन् वन्नु’, ‘अवळ् वन्नु’. मी, तू, तो, ती कुणीही येवो, क्रियापद ‘वन्नु’च. शेजारच्या तमिळमध्ये ‘वन्देन’, ‘वन्दान’, ‘वन्दाळ’ असा फरक होतो. मलयाळमने तो गाळला. ए. आर. राजराज वर्मा यांनी ‘केरळपाणिनीयम्’ या 1896 च्या व्याकरणात तमिळपासून मलयाळम वेगळी झाल्याच्या खुणांत ही खूण नोंदवली आहे. स्वाहिलीत नेमके उलटे घडते. ‘नीलिकूजा’ मी आलो, ‘उलिकूजा’ तू आलास, ‘अलिकूजा’ तो किंवा ती आली. कर्ता क्रियापदाच्या डोक्यावर बसतो, पण स्त्री की पुरुष ते सांगत नाही. आपली मराठी आला, आली, आले असे लिंग सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही.

स्वाहिलीत लिंगाची जागा नामवर्ग घेतात. अरबी ‘किताब’ तिथे गेला तेव्हा त्यातला ‘कि’ हा वर्गाचा उपसर्ग मानला गेला. एक पुस्तक ‘किताबु किमोजा’, दोन पुस्तके ‘विताबु विविली’. पाहुण्या शब्दाला घरचे कपडे चढवण्याची ही रीत मी माझ्या यादीत ‘किताब : समान शब्द’ एवढ्यावर संपवली होती.

खरी साम्येही आहेत, पण ती रचनेची. मलयाळमात ‘पठिक्कुक’ म्हणजे शिकणे, ‘पठिप्पिक्कुक’ शिकवणे. स्वाहिलीत ‘सोमा’ म्हणजे वाचणे किंवा शिकणे, ‘सोमेशा’ शिकवणे. मराठीचे शिकणे-शिकवणे याच धर्तीचे. धातूला प्रत्यय जोडून प्रयोजक करण्याची ही सोय जगात अनेक भाषांनी आपापल्या परीने केली आहे. उलट, ऐकणाऱ्याला धरून ‘नम्मळ्’ आणि त्याला वगळून ‘ञङ्ङळ्’ हा मलयाळमचा भेद मराठीच्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’त आहे, स्वाहिलीच्या ‘सिसी’त नाही. म्हणजे या बाबतीत मलयाळमचे साम्य शोधायला आफ्रिकेत जाण्याची गरज नव्हती.

आफ्रिकेशी आपला खरा धागा गोव्यात आहे. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. त्यामुळे किल्व्याहून 1711 पासून लिहिली गेलेली, अरबी लिपीतली स्वाहिली पत्रे गोव्याच्या पुराभिलेखागारात जपली गेली. आज ज्ञात असलेल्या स्वाहिली लेखनात ती सर्वांत जुनी मानली जातात. मी दूरच्या कुळाचा माग काढत बसलो होतो, आणि ही पत्रे रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होती.

जुनी वही मी फाडलेली नाही. तिच्यात आता तीन रकाने आखले आहेत : योगायोग, उसनवारी, रचना. ‘नाते’ हा चौथा रकाना कोरा आहे आणि तो कोराच राहील असे मला वाटते. टीचरबाईंकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वाहिली शिकतो आहे आणि एका मौलवींकडे अरबी लिपी. किल्व्याच्या एखाद्या पत्राची एक ओळ स्वतः वाचता आली, तर तिच्यावर लिहीन. तोपर्यंत ज्यांनी माझा जुना लेख कापून ठेवला असेल, त्यांनी त्याला हे पान जोडून ठेवावे, ही विनंती.