नक्कल झाली, रुजवात राहिली

विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की आज संगणकाचा तास आहे. तसं नाही. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, तशी आज आम्ही एका कमांडची समीक्षा करणार आहोत. लिनक्समध्ये फायली आणि डिरेक्टऱ्या कॉपी करणारी 'सीपी' ही ती कमांड. अक्षरं दोनच आहेत. पण तीही माणसांनीच लिहिली. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे त्यांनी ठरवलं. म्हणजे समीक्षेला जागा आहे.

नांदेड-लातूरकडे 'कॉपी' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. आपल्याकडे कॉपी म्हटलं की आधी परीक्षा आठवते. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना, २०१०च्या सुमाराला, इथे कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम झाली आणि तिची चर्चा राज्यभर गेली. तेव्हा आज आम्ही कचेरीतला जुना शब्द घेतो: नक्कल.

सात-बाराची, फेरफाराची किंवा खासरा पत्रकाची नक्कल ज्यांनी तहसीलमधून काढली असेल, त्यांनी तिच्यावरचा शिक्का आठवून बघावा. त्यात अर्जाची तारीख असते, फी असते आणि दोन सह्यांची जागा असते. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघणं. ज्यानं लिहिलं त्याच्या एकट्याच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, ही त्या शिक्क्यामागची समज. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे: सीपी नक्कल करते, रुजवात घेत नाही, आणि ती दुसरी सही आपण शिकवताना गाळून टाकली आहे.

आधी कमांडची बाजू मांडू. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या त्या पुस्तिकेत सीपी आहे. तेव्हा तिचं काम फायलीपुरतं होतं. अख्खी डिरेक्टरी उचलण्याची सोय पुढे आली. पडदेही नव्हते, उत्तर कागदावर खडखडत छापून यायचं. त्यामुळे एक शिरस्ता पडला: काम झालं तर बोलू नये, अडलं तरच बोलावं. हा शिरस्ता वाईट नाही. दहा हजार फायली कॉपी करताना प्रत्येकीमागे 'झालं, झालं' येत राहिलं, तर मधली एक खरी चूक त्या गोंगाटात कुणाला दिसायची?

पण गप्प राहणारी माणसंही दोन प्रकारची असतात. एक नीट बघून गप्प राहतो. दुसरा बघितलंच नाही म्हणून गप्प असतो. सीपी या दुसऱ्या प्रकारात मोडते. कशी ते बघा.

तुमच्या पेनड्राइव्हवर 'निकाल' नावाची फाइल आधीच आहे. तुम्ही त्याच नावाची दुसरी तिथे कॉपी केली. साधी सीपी विचारत नाही. जुनी पुसून नवी लिहिते. विचारायला लावायचं तर 'डॅश आय' हा पर्याय आपण मुद्दाम द्यावा लागतो. आता याहून वाईट बघा. एका डिरेक्टरीत दोनच फायली आहेत. तुम्ही 'सीपी स्टार' लिहिलं, कुठे कॉपी करायचं ते लिहायचं विसरलात आणि एंटर दाबलं. स्टारच्या जागी दोन्ही फायलींची नावं येतात, आणि कमांडला वाटतं की पहिलीची नक्कल दुसऱ्या नावानं करायची आहे. दुसरी फाइल गेली. पडद्यावर एक अक्षर नाही.

डिरेक्टरीचंही तसंच. 'सीपी डॅश आर सत्र जतन' असं लिहिलं आणि 'जतन' नावाची डिरेक्टरी नसेल, तर 'सत्र'ची नक्कल 'जतन' या नावानं तयार होते. तीच ओळ परत चालवा. आता 'जतन' आहे, म्हणून तिच्या आत 'सत्र' तयार होते. पहिल्या वेळचा जुना मजकूर वर तसाच, दुसऱ्या वेळचा ताजा मजकूर आत. ओळ एकच, अर्थ दोन. भाषेत असं झालं तर आपण त्याला संदिग्ध वाक्य म्हणतो आणि लेखकाला परत लिहायला लावतो. इथे मात्र विद्यार्थ्यालाच वेंधळा ठरवतो.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं नव्यानं फॉरमॅट व्हायची होती. मुलांचे प्रोजेक्ट आम्ही पेनड्राइव्हवर घेत होतो. प्रत्येक प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत जायचं आणि 'सीपी डॅश आर स्टार' म्हणायचं, असा सपाटा लावला. डॉटनं सुरू होणारी नावं स्टारमध्ये येत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. वर्गात शिकवतही होतो. पण त्या दिवशी हात पुढे गेले आणि डोकं मागे राहिलं. एका मुलीनं सहा महिन्यांचा सगळा कामाचा इतिहास 'डॉट गिट' या लपलेल्या डिरेक्टरीत ठेवला होता. कोड आला, इतिहास गेला. तोंडी परीक्षेत तिला विचारलं गेलं, हे काम तुझंच कशावरून? दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. कमांडनं कुरकुर केली नव्हती, कारण जे तिला सांगितलं ते तिनं चोख केलं होतं. रुजवात घेणं आमचं काम होतं, आणि आम्ही ते केलं नव्हतं.

यातून आम्ही शिकवण्याकडे वळलो. आपल्याकडच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ठरलेले रकाने असतात: उद्देश, कमांड, आउटपुट, निष्कर्ष. सीपीच्या प्रयोगात आउटपुटचा रकाना रिकामाच राहायला हवा, कारण आउटपुट येतच नाही. पण तिथे बहुतेक वेळा एक वाक्य सापडतं: फाइल यशस्वीरीत्या कॉपी झाली. हे वाक्य आलं कुठून? कमांडनं तर ते म्हटलं नाही. मुलानं दुसरी फाइल उघडून पाहिली नाही. ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेलं असतं. आणि आम्ही मास्तर त्याखाली सही करतो. कॉपीच्या धड्याची ही अशी कॉपी. परीक्षेतला प्रश्नही ठरलेला: सीपी आणि एमव्ही यांतला फरक लिहा. 'नक्कल बरोबर झाली हे कसं ठरवाल?' असा प्रश्न आमच्या पाहण्यात फारसा येत नाही.

कुणी म्हणेल, टर्मिनल वापरतंय कोण आता? माऊसनं ओढलं की झालं. पण माऊसनं ओढल्यावर हिरवी पट्टी भरते, तीही रुजवात नव्हे. लिनक्समध्ये कॉपीचा मजकूर आधी मेमरीत जमतो आणि पेनड्राइव्हवर सावकाश उतरतो. कमांड संपलेली दिसते, लिहिणं चालूच असतं. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपसला किंवा लाइट गेली, आणि आपल्याकडे लाइट जाण्याचं वेगळं सांगायला नको, तर नाव दिसतं आणि आत काही नसतं. म्हणून 'सिंक' म्हणायचं, नाहीतर नीट अनमाउंट करायचं.

मराठी नावांची तर निराळीच गोष्ट. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-फोर फाइलप्रणालीत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-आठमध्ये ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. विंडोजच्या एनटीएफएसवर तीच मर्यादा २५५ चिन्हांची. तिकडून 'ग्रामपंचायत कार्यालयातील जन्म-मृत्यू नोंदवहीची पाने' अशा धाटणीचं, पुढे गाव-तालुका-साल जोडलेलं नाव आणलं, की इकडे ती फाइल उतरतच नाही. इथे सीपी बोलते हे कबूल; पण बाकीच्या फायली पुढे चालू राहतात आणि ती एक ओळ वर सरकून जाते.

शिवाय 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. कुणाच्या कीबोर्डवर तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षरानं उमटतो, कुणाच्या साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळी नावं. एकाच डिरेक्टरीत एकाच नावाच्या दोन फायली दिसतात, आणि ताजी कोणती हे कळत नाही. तारखेवरून ओळखावं म्हटलं, तर साध्या सीपीनं नकलेवर आजची तारीख टाकलेली असते. मूळ तारीख हवी तर 'डॅश पी' किंवा 'डॅश ए' द्यावं लागतं.

हा प्रश्न संगणकानं आणलेला नाही. हस्तलिखितं उतरवणारे लेखक पोथीच्या शेवटी बहुधा सांगून ठेवत की जशी पाहिली तशी लिहिली, दोष माझ्या माथी मारू नका. सीपीची भूमिका नेमकी तीच आहे. पण आपल्याच मराठवाड्यात पैठणच्या एकनाथांनी ती पुरेशी मानली नाही. ज्ञानेश्वरीच्या नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. त्यांनी वेगवेगळ्या प्रती समोर ठेवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. वर बजावलंही, की यात कुणी आपली ओवी घालू नये. आज आपण ज्ञानेश्वरी वाचतो त्यामागे ही रुजवात आहे.

आता हे सगळं इतक्या अट्टहासानं का सांगतोय? कारण नकलेवर माणसांचं आयुष्य टांगलेलं असतं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू पानं बाहेर आली, स्कॅन झाली. त्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. पण पान स्कॅन झालं की ती एक फाइल होते, आणि फाइल म्हटली की ती कधीतरी कॉपी होणारच. त्यात एका गावाची डिरेक्टरी राहिली, तर त्या गावच्या घरांना त्यांची नोंद सापडणार नाही, आणि ती राहिली हे कुणाला कळणारही नाही.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट लातूरकरांना सांगायला नको. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. माणसांपुढे कागदांचं काय, हे खरंच. पण जे वाचले त्यांना पुढे स्वतःचं नाव, घर, वारस सिद्ध करायला कागदच लागले. मूळ आणि नक्कल एकाच कपाटात असतील तर त्या दोन नव्हेत.

मोठ्या कंपन्यांचंही वेगळं नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. जतनाचे पाच मार्ग होते, आणि ऐन वेळी त्यांतला एकही भरवशाचा निघाला नाही. सुमारे सहा तास आधीची एक प्रत हाती लागली म्हणून निभावलं. नकला ठरल्याप्रमाणे होतात असं सगळे धरून चालले होते. परत उघडून कुणी पाहिलं नव्हतं.

मग करायचं काय? फार नाही. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह अनमाउंट करा, काढा, परत लावा. नाहीतर मेमरीतलीच प्रत तपासली जाईल. मग 'डिफ डॅश आर' चालवून दोन्ही डिरेक्टऱ्या ताडून बघा. सगळं जुळलं तर तेही गप्पच राहतं, पण बघून गप्प राहतं. नक्कल नांदेडहून लातूरला जायची असेल आणि मूळ शेजारी नसेल, तर 'शा-२५६-सम'नं प्रत्येक फायलीचा ६४ अक्षरांचा ठसा काढून यादी सोबत पाठवा. तिकडचा माणूस ती यादी लावून तपासेल. नकलणारा एक, तपासणारा दुसरा. तहसीलच्या शिक्क्यातलीच रीत.

आणि मास्तर मंडळींना विनंती: जर्नलमध्ये एक रकाना वाढवा. त्याला 'रुजवात' म्हणा. त्यात मुलांनी स्वतः काय ताडून पाहिलं ते लिहावं. फरक निघाला तर तोही लिहावा, त्याचे गुण कापू नका. आमच्या लॅबमध्ये त्या मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही हा रकाना सुरू केला. पहिल्याच आठवड्यात तिघांच्या नकला अपुऱ्या निघाल्या. यशस्वीरीत्या हा शब्द मात्र त्या दिवशी एकाही वहीत नव्हता.

प्रश्न असतील तर घेऊ.