दुरुतीचा कारकून

हान्स माग्नुस एन्झेन्सबर्गर या जर्मन लेखकाची ‘अराज्याचा अल्पजीवी उन्हाळा’ ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. कोलकात्याच्या सीगल बुक्सने २०१८ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद काढला. नायक आहे स्पेनचा अराज्यवादी क्रांतिकारक बुएनाव्हेंतुरा दुरुती. (अराज्यवादी म्हणजे अंदाधुंदी माजवणारा नव्हे; राज्यसंस्थाच नको म्हणणारा.) ‘कादंबरी’ हा शब्द लेखकाचा. वस्तुतः ही साथीदार, विरोधक, वार्ताहर यांच्या साक्षींची गोधडी आहे. साक्षी एकमेकींना छेद देतात, पण लेखक सहसा निवाडा करीत नाही.

लेओनच्या रेल्वे कामगाराचा हा मुलगा १८९६ साली जन्मला. जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटताच बार्सिलोनाहून आरागॉनकडे निघालेल्या स्वयंसेवकांचा तो पुढारी झाला. १९ नोव्हेंबरला माद्रिदच्या आघाडीवर त्याला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. गोळी शत्रूची, सोबत्याची की त्याच्याच हातातल्या बंदुकीची? सारी कथने शेजारी शेजारी मांडली आहेत, आणि इथे ही पद्धत शोभते.

आम्हा धर्मगुरूंना हे पुस्तक शांत चित्ताने उघडता येत नाही. १९२३ साली सारागोसाचे कार्डिनल सोल्देव्हिला यांची हत्या दुरुतीच्या गटातील माणसांनी केली. यादवी युद्धात सुमारे ६,८०० धर्मगुरू व व्रतस्थ मारले गेले. आणि याच पुस्तकात फादर हेसुस आर्नाल भेटतात. जीव वाचवीत लपतछपत फिरणाऱ्या या खेड्यातल्या धर्मगुरूंना दुरुतीने आपल्या कचेरीत कारकून म्हणून ठेवले, त्यांना अभय दिले. युद्धानंतरही ते धर्मगुरूच राहिले आणि दुरुतीविषयी कृतज्ञतेने लिहिते झाले. ती पाने मी दोनदा वाचली.

परंतु याच पथकात काही आठवडे राहिलेल्या सिमोन वेइल यांनी बर्नानोस यांना लिहिलेले पत्रही इथे आहे. पंधरा वर्षांचा एक फालांखिस्त मुलगा पकडला गेला. आपल्याला जबरदस्तीने भरती केले, असे तो म्हणाला. अंगावर पवित्र मरियामातेचे पदक सापडले. दुरुतीने तासभर त्याला अराज्यवादाची थोरवी सांगितली. आमच्यात ये किंवा मर, असा पर्याय देऊन विचाराला चोवीस तास दिले. मुलगा ‘नाही’ म्हणाला. त्याला गोळी घातली गेली.

इथे गोधडीची पद्धत अपुरी पडते. वादग्रस्त मृत्यूबाबत मौन हा प्रामाणिकपणा आहे. पोराच्या रक्ताबाबत ती पळवाट होते. आर्नालना वाचवणारा हात आणि हा हात एकच होता, या कोड्यापाशी कादंबरीकाराने थांबायला हवे होते. तो पुढच्या कात्रणाकडे वळतो. वेइल मात्र थांबल्या. घटना त्यांना मागाहून कळली होती, तरी तो मृत्यू त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर ओझे होऊन राहिला. दुरुती काही बाबतींत स्तुत्य माणूस होता, हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले.

त्यांनी ते बर्नानोसनाच का लिहावे? राजसत्तावादी, निष्ठावंत कॅथलिक असलेल्या त्या लेखकाने मायोर्काच्या बेटावर ‘आपल्या’ बाजूने केलेली कत्तल पाहिली आणि १९३८ साली तिच्याविरुद्ध पुस्तक लिहिले. धर्मग्रामाच्या वाचनालयात ही दोन पुस्तके एकाच फळीवर हवीत, आणि बर्नानोसचे आधी वाचावे.