येऊ घातलेल्याचं इंग्रजी

मराठीत ‘करेन’, ‘जाईल’ म्हणताना भविष्यकाळ क्रियापदालाच चिकटून येतो. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय आहे, भविष्याचा नाहीच. शाळेत ‘विल-शॅल’ घोकून घेतात, म्हणून ही उणीव जाणवत नाही. पण अगदी जवळच्या भविष्यासाठी या भाषेनं जी सोय लावली आहे, ती निरखून बघावी.

फोन वाजतो. उठता उठता कुणी म्हणतं, ‘आय विल गेट इट’. निर्णय वाक्याबरोबरच जन्मला. तिथे ‘गोइंग टू’ घातलं, तर फोन वाजण्याआधीच बेत शिजला होता असं वाटतं. उलट, पोटात ढवळून आलेला माणूस ‘आय अ‍ॅम गोइंग टू बी सिक’ म्हणाला की ऐकणारा बादली शोधायला धावतो. ‘आय विल बी सिक’ला कुणी जागचं हलणार नाही. ‘गोइंग टू’ला कारण आत्ता, समोर हजर लागतं. ते असलं की घटना कितीही लांब असली तरी चालते. सूर्य विझायला सुमारे 5 अब्ज वर्षं आहेत, तरी ‘द सन इज गोइंग टू डाय’ बिनघोर म्हणावं. घड्याळाला इथे कुणी विचारतच नाही!

हे ‘गोइंग’ मुळात खरंखुरं चालणं होतं, काही करायच्या हेतूनं निघणं. जोशुआ पूलच्या 1646च्या व्याकरणात ते ‘अबाउट टू’च्या शेजारी भविष्याची खूण म्हणून नोंदलेलं आहे. पुढे बोलण्यात त्याचं ‘गॉना’ झालं. गंमत अशी, की ‘आय अ‍ॅम गॉना ईट’ चालतं, ‘आय अ‍ॅम गॉना लंडन’ कुणी म्हणत नाही. झिजलं ते भविष्याचं ‘गोइंग’. पायी जाणारं अजून धडधाकट आहे.

उद्याची भेट ठरली असेल तर ‘आय अ‍ॅम मीटिंग हर टुमॉरो’. ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ मात्र खटकतं, कारण पावसाशी वेळ ठरवता येत नाही. गाडीला साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट नाइन’. त्याच वेळापत्रकात उद्याचा सूर्योदयही निमूट बसतो.

‘आलोच’ म्हणणारा आपला माणूस अर्धा तास आंघोळीत असू शकतो. ‘अबाउट टू’ इतकी सवलत देत नाही. त्याच्यापुढे ‘टुमॉरो’सुद्धा ठेवता येत नाही. नकार जोडला की मात्र नूरच पालटतो. ‘आय अ‍ॅम नॉट अबाउट टू अपॉलजाइझ’ म्हणजे माफी? मुळीच मागणार नाही.

माझी सगळ्यात आवडती रचना वरवर सपक दिसते. ‘विल यू यूझ द कार?’ यात समोरच्याकडून निर्णय मागितला जातो, विनंतीचाही वास येतो. ‘विल यू बी यूझिंग द कार टुनाइट?’ म्हटलं की नुसत्या चालू दिनक्रमाची चौकशी होते. गाडी हवी आहे, हे दोघांनाही कळतं. वाक्याची झडती घेतली तरी मागणी सापडत नाही.