‘अर्धसत्य’मधला रेडिओचोर

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. फौजदार वेलणकरचे रामा शेट्टीपुढे काही चालत नाही. श्रेयही दुसराच लाटतो. तो राग निघतो कोठडीतल्या रेडिओचोरावर. चोर मरतो. सुटकेसाठी वेलणकर शेट्टीच्याच दारात जातो, त्याचा गळा दाबतो आणि स्वतःहून पोलिसांत हजर होतो. प्रेक्षक समाधानाने उठतो, रेडिओचोर विसरला जातो. चित्रपटाचे मोठेपण मान्य करूनही हा शेवट मला खटकतो. वलगावला मुलांना शिकवताना वरिष्ठांवरचा राग मीही एकदा एका पोरावर काढला आहे. नफ्सची खरी परीक्षा दुबळा समोर असतानाच होते. त्या पोराची माफी मागणे अजून बाकी आहे.