पेटीचा स्वर आणि गळ्याचा स्वर

परकीय वाद्य एखाद्या संगीतपरंपरेत आले म्हणजे ते आपले की परके, असा प्रश्न विचारण्याची रीत आहे. भाषाभ्यासकास हा प्रश्न अपुरा वाटतो. ‘पगार’ हा पोर्तुगीज शब्द मराठीत आला व येथील वर्णव्यवस्थेत मुरून गेला. ‘कॉलेज’सारख्या शब्दांनी मात्र ‘ऑ’ हा नवा स्वर आपल्याबरोबर आणला. उसनवारीमुळे मूळ व्यवस्थेत काय बदलले, हीच तिची खरी कसोटी होय. हार्मोनियमविषयीच्या जुन्या वादास ही कसोटी लावून पाहावयाची आहे.

या युरोपीय वाद्यास मराठी नाट्यसंगीताने आपलेसे केले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्यास प्रतिष्ठा दिली. आणि सोलापूर-पंढरपूर भागातील भजनी मंडळांत तर ‘पेटी’ हे त्याचे घरगुती नावच झाले. तथापि तिच्या सप्तकाचे बारा समान भाग असतात. तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर, तर तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटांवर असतो. शिवाय तिच्यावर मींड निघत नाही.

हा दोष दूर करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. कृ. ब. देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियम सिद्ध केली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती मांडण्यात आली. परंतु गवयांच्या प्रत्यक्ष गायनापुढे तिचा दावा टिकला नाही.

अपयशाचे कारण कारागिरीत नसून उपपत्तीत होते, असे आम्हांस वाटते. ‘अंग’, ‘अंत’ व ‘अंबा’ या शब्दांत अनुस्वार एकच लिहिला जातो, पण पुढील व्यंजनानुसार त्याचा उच्चार पालटतो. दरबारीतील आंदोलित कोमल गंधार व भीमपलासीतील कोमल गंधार यांचेही तसेच आहे. स्वराचे स्थान रागातील शेजारावर व चलनावर अवलंबून असते. जैराझभॉय व स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीतही स्वरस्थाने स्थिर आढळली नाहीत. अशा चल उच्चारांस बावीस अचल पट्ट्या देणे, म्हणजे प्रत्येक स्वनांतरासाठी स्वतंत्र अक्षर पाडण्यासारखे होय.

येथे जपानमधील कोतोवादक मियागी मिचिओ यांचे उदाहरण उद्बोधक आहे. पाश्चात्त्य संगीताच्या प्रभावाखाली त्यांनी १९२१ मध्ये सतरा तारांचा, खर्जातील कोतो घडविला. १९२९ मध्ये कोतो व शाकुहाची या बासरीसाठी ‘हारू नो उमी’ ही रचना केली. रचनेचे वळण बदलले. परंतु कोतोच्या घोड्या सरकविता येतात आणि तार डाव्या हाताने दाबून स्वर चढविता येतो. नवे स्वीकारूनही स्वरावरील सत्ता वादकाच्या बोटांतच राहिली. पेटीवादकास ही सत्ता नाही. ती गायकाच्या गळ्यात राहिली तरच पेटीची साथ निरुपद्रवी ठरते.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. १९७१ पासून ती शिथिल झाली. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, अशा गवयाच्या मागे पेटी वाजली म्हणून त्याचा गंधार बिघडत नाही; प्रौढ वक्त्याची मातृभाषा काही उसन्या शब्दांनी बिघडत नाही, तसेच हे. पण ज्या बालकास पहिला ‘सा-रे-ग’ पेटीवरच ऐकावयास मिळतो, त्याच्या बाबतीत व्यवस्थाच बदलण्याचा संभव असतो. बंदी ध्वनिक्षेपणावर आली, शिकवणीची खोली मात्र मोकळीच राहिली. आक्षेपकांची भीती खोटी नव्हती. तिचे ठिकाण चुकले होते. म्हणून पेटी ठेवावी की टाकावी, हा वाद आता सोडून द्यावा आणि विद्यार्थ्याचा कान प्रथम कोणत्या स्वरावर घडतो, याची चौकशी संगीतशिक्षकांनी व भाषाभ्यासकांनी मिळून करावी.