चौकटीची उंची

नेथन ग्रॉसमन यांच्या ‘आय अ‍ॅम ग्रेटा’ (2020) या माहितीपटात आपण सर्वप्रथम न्याहाळावी ती कॅमेऱ्याची उंची. ऑगस्ट 2018, स्टॉकहोम. स्वीडिश संसदेच्या भिंतीला टेकून 15 वर्षांची ग्रेटा थुनबर्ग एकटीच बसली आहे, शेजारी हवामानासाठी शाळेचा संप पुकारणारा, हाताने रंगवलेला पांढरा फलक. ग्रॉसमन कॅमेरा तिच्या नजरेच्या पातळीवर आणून ठेवतात, आणि एवढ्याशा निवडीने मोठ्या माणसांचे अवघे जग आपल्याही डोक्यावरून जाऊ लागते. तिला ‘शाळेत का गेली नाहीस?’ असे विचारायचे, तर विचारणाऱ्याला वाकावे लागते.

पुढे ही चौकट थेट सत्तेच्या दालनांत शिरते. त्यातला ब्रसेल्सचा प्रसंग तर पुनःपुन्हा चाखावा असा. फेब्रुवारी 2019 मध्ये ग्रेटाच्या पोटतिडकीच्या भाषणानंतर युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर बोलायला उभे राहतात आणि बोलता बोलता शौचालयांच्या फ्लशवर येतात! ग्रेटा ऐकते, आणि भाषांतराचा हेडफोन शांतपणे कानांवरून उतरवून ठेवते. निवेदनाचा एक शब्दही नाही; तरी हास्य आणि विषाद हे दोन रस एकाच हालचालीत असे मिसळतात, की हसू ओठांवर येता येताच आपण ओशाळतो.

मोर्चे आहेतच, घोषणाही आहेत. पार्श्वसंगीत कधी कधी जरा जास्तच दाटून येते, तेही सोडून द्यावे. कारण आपले मन गुंतते ते गर्दीतल्या बापाशी. हजारो मुलांच्या गजरात स्वान्ते लेकीला केळे खायला विनवत असतो. पृथ्वीची चिंता वाहणाऱ्या मुलीच्या पोटात दोन घास जावेत, एवढीच त्याची चळवळ!

मग समुद्र येतो. विमान टाळून ऑगस्ट 2019 मध्ये ‘मलित्सिया 2’ या 60 फुटी शर्यतीच्या शिडाच्या नौकेतून प्लिमथ ते न्यूयॉर्क, तब्बल पंधरवडा. लाटांच्या तडाख्यांत ती घराच्या, कुत्र्यांच्या आठवणीने रडते, ही जबाबदारी पेलवत नाही म्हणते. संयुक्त राष्ट्रांतले तिचे जळजळीत भाषण आपण सर्वांनी बातम्यांत कधीच पाहिले आहे. इथे मात्र ते या प्रवासानंतर येते, आणि त्या संतापाच्या तळाशी घरची ओढ आपल्याला स्पष्ट ऐकू येते.